चांदीवरील ठसा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, खानापूर व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस या मुलखापर्यंत येता येता विरळ होतो. १९४९ साली सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी शिवारात पाटाचे पाणी खेळावयास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. केवळ शेतीवर पोट भरेना, तेव्हा येथील कितीतरी घरांतील तरुणांनी गाव सोडले आणि एक निराळाच व्यवसाय हाती धरला. तो व्यवसाय गलाईचा होय.

गलाई म्हणजे जुने सोने व जुनी चांदी आटवून त्यांतून शुद्ध धातू वेगळा काढण्याचे काम. या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक आज उत्तरेपासून केरळ-तामिळनाडूपर्यंत देशातील अनेक शहरांच्या सराफ बाजारांत आढळतात. परमुलखात राहूनही घरात ते मराठी बोलतात आणि सणावाराला व जत्रेला गावाकडे येतात. त्यांच्या दुकानात मोडीचे दागिने येतात, तशीच मोडीची भांडीही येतात. ताटे, वाट्या, तांब्या-भांडी, फुलपात्रे, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, पानाचे डबे, चहाची भांडी, काटे आणि चमचे असा नाना प्रकारचा माल तेथे तराजूत पडतो. मालाचे वजन करावयाचे, त्याचा टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध धातू किती, हे ठरवावयाचे आणि मग तो मुशीत टाकावयाचा, असा हा क्रम असतो.

चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअस उष्णतेला वितळते. मुशीतील टाकणखाराने मळ वर येतो आणि भांड्याचा आकार पाहता पाहता नाहीसा होतो. अधिक शुद्धी हवी असेल, तर ती चांदी नत्राम्लात विरघळवितात. तीत सोन्याचा अंश असेल, तर तो तळाशी राहतो. मग द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या, म्हणजे चांदी बारीक कणांच्या रूपाने त्यांवर जमू लागते. या रीतीने धातूचा कणही वाया जाऊ दिला जात नाही. परंतु एक वस्तू मात्र या क्रियेत कायमची जाते. ती म्हणजे भांड्याच्या बुडाशी किंवा चमच्याच्या दांड्यामागे असलेला लहानसा ठसा. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या जागेत ते भांडे कोणी घडविले, कोठे घडविले आणि त्यात चांदी किती, याची हकीकत साठविलेली असते. ती वाचावयाची असेल, तर भांडे मुशीत जाण्यापूर्वीच वाचली पाहिजे.

असा ठसा उमटविण्याची गरज का पडली, हे प्रथम पाहू. निव्वळ चांदी फार मऊ असते. तिचे ताट सहज वाकते, चमचा दबतो. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळून तिला कठीणपणा आणतात. परंतु शंभर भागांत सात भाग तांबे मिसळले, की वीस भाग मिसळले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. दोन्ही भांडी सारखीच चकाकतात. त्यामुळे विकत घेणाऱ्याची फसगत होणे सोपे असते. ही अडचण फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत, कसोटीच्या दगडावर सोन्याचा कस कसा पाहावा हे सांगितले आहे आणि लबाड कारागीर धातूची चोरी कोणकोणत्या युक्त्यांनी करतात, याचीही यादी दिली आहे. आपल्या देशातील सर्वांत जुनी चांदीची नाणी आहत नाणी म्हणून ओळखली जातात. सुमारे सव्वातीन ग्रॅम वजनाच्या त्या तुकड्यांवर सूर्य, डोंगर, प्राणी, वृक्ष अशा आकृतींचे ठसे ठोकलेले असतात. पुष्कळ नाण्यांच्या मागील बाजूस आणखी बारीक खुणा दिसतात. नाणे पारखून पाहिल्यावर व्यापारी व सराफ त्या उमटवीत, असे अभ्यासक मानतात. परक्या माणसाने पारखलेल्या धातूवर विश्वास ठेवता यावा, म्हणून धातूवर खूण करण्याची कल्पना या भूमीत अशी दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

भांड्यांवरील खुणांची अत्यंत पद्धतशीर व्यवस्था मात्र इंग्लंडमध्ये उभी राहिली. इंग्रजी अमदानीत तेथील पुष्कळ भांडी हिंदुस्थानात आली आणि संस्थानिकांच्या वाड्यांतून व साहेबांच्या बंगल्यांतून फिरत फिरत बाजारात पोहोचली. म्हणून त्या खुणांची ओळख आपल्याकडेही उपयोगी पडते. १३०० साली तेथील राजाने असा कायदा केला, की हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असल्यावाचून भांडे विकू नये. या प्रमाणास स्टर्लिंग म्हणतात. कसास उतरलेल्या भांड्यावर बिबळ्याच्या मुखाचा ठसा मारण्यात येऊ लागला. १३६३ साली प्रत्येक मुख्य कारागिराने स्वतःची वेगळी खूण ठेवावी, असा नियम झाला. भांड्यात खोट निघाली, तर कोणास जाब विचारावयाचा हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. त्या काळी लिहिता-वाचता येणारे लोक थोडे. म्हणून आरंभीच्या खुणा पक्षी, तारा, फूल अशा चित्ररूप असत. पुढे नावाच्या आद्याक्षरांची चाल पडली.

१४७८ पासून लंडनच्या कारागिरांना आपला माल परीक्षेसाठी सोनारांच्या संघाच्या सभागृहात न्यावा लागू लागला. सभागृहास इंग्रजीत हॉल म्हणतात व खुणेस मार्क. त्यावरून हॉलमार्क हा शब्द रूढ झाला. परीक्षेच्या वेळी भांड्याची थोडी खरवड काढून तिचे वजन करीत. ती शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या लहान वाटीत तापवीत. शिसे व तांबे राखेत जिरून जाई व चांदीचा मणी तेवढा उरे. त्याचे पुन्हा वजन केले, की हिशेब चोख लागे. याच वेळी वर्षाक्षराची प्रथा सुरू झाली. दरवर्षी वर्णमालेतील एक अक्षर ठरवावयाचे आणि त्या वर्षी तपासलेल्या प्रत्येक भांड्यावर ते उमटवावयाचे. लंडनमध्ये वीस अक्षरांची एक फेरी होई. वीस वर्षे संपली, की अक्षराचे वळण व त्याभोवतालच्या ढालीचा आकार बदलून नवी फेरी सुरू होई. १५४४ पासून चालत्या सिंहाची आकृती आली व पुढे तीच स्टर्लिंग चांदीची खूण ठरली. १७८४ पासून १८९० पर्यंत चांदीच्या मालावरील कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचा ठसाही मारीत असत.

निरनिराळ्या शहरांच्या खुणा निरनिराळ्या होत्या. लंडनचे बिबळ्याचे मुख, बर्मिंगहॅमचा नांगर, एडिंबरोचा किल्ला, डब्लिनची वीणा. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील तपासणी-कचेऱ्या १७७३ साली सुरू झाल्या. शेफील्डची खूण प्रथम मुकुट ही होती. १९७५ पासून तिच्या जागी गुलाबाचे फूल आले.

आता समजा, एखाद्या चमच्याच्या दांड्यामागे पाच ठसे ओळीने आहेत. चालता सिंह, बिबळ्याचे मुख, साध्या रोमन वळणाचे मोठे ‘एफ’ हे अक्षर, राणीचे मस्तक आणि दोन आद्याक्षरे. सिंहावरून चांदी ९२५ कसाची हे कळले. बिबळ्यावरून शहर लंडन हे कळले. बिबळ्याच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणजे चमचा १८२१ नंतरचा. कारण त्या साली मुकुट काढून टाकण्यात आला. राणीचे मस्तक आहे, म्हणजे तो १८९० नंतरचा नाही. मोठ्या रोमन अक्षरांची फेरी १८७६ साली ‘ए’पासून सुरू झाली, तेव्हा ‘एफ’ हे सहावे अक्षर १८८१ सालच्या मे महिन्यापासूनच्या वर्षाचे ठरते. राहिली दोन आद्याक्षरे. ती नोंदवहीत पाहिली, की निर्मात्याचे नाव सापडते. एका खुणेवरून दुसरीचा पडताळा घेत जाणे, ही या विद्येची खरी रीत आहे. एकट्या खुणेवर विसंबून राहणारा बहुधा चुकतो.

निर्मात्याच्या खुणेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ती खूण ज्याने माल तपासणीस पाठविला, त्या कारखानदाराची असते. प्रत्यक्ष हातोडी चालविणारा कारागीर पुष्कळदा निराळाच असे. तथापि या नोंदींमुळे कित्येक साधी माणसे काळाच्या उदरातून परत मिळाली आहेत. लंडनमधील हेस्टर बेटमन ही अशीच एक स्त्री. पतीच्या निधनानंतर १७६१ साली तिने स्वतःची खूण नोंदविली आणि मुलांना बरोबर घेऊन कारखाना नावारूपास आणला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, असे मानतात. ‘एच’ व ‘बी’ या तिच्या दोन वळणदार अक्षरांचा ठसा असलेली चहादाणी आजही मोठ्या कौतुकाने पाहिली जाते.

इतर देशांतील खुणा वेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये १८३८ पासून मिनर्व्हा देवीच्या मस्तकाचा ठसा वापरला जातो. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर व मुकुट या आकृतींबरोबर ८०० यांसारखा कसाचा आकडा असतो. जुन्या रशियन भांड्यावर ८४ हा आकडा दिसला, तर चांदी शेकडा ८४ आहे असे समजणे चूक होय. तेथे कस शहाण्णव भागांत मोजीत. तेव्हा ८४ म्हणजे हजारात ८७५ भाग. आकडा वाचता येणे निराळे आणि त्यामागील माप ठाऊक असणे निराळे.

खुणांच्या या विद्येत फसविणारे खाचखळगेही आहेत. पुष्कळ चमच्यांवर ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे चार लहान चौकटींत अशी उमटविलेली असतात, की ती पाहून हॉलमार्कचाच भास व्हावा. वस्तुतः त्यांचा अर्थ, निकेल-मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा, एवढाच आहे. १८४० साली या क्रियेचे पेटंट इंग्लंडमध्ये घेण्यात आले आणि तेव्हापासून असा माल घरोघर पोहोचला. ज्यास लोक जर्मन सिल्व्हर म्हणतात, त्यात चांदीचा अंशही नसतो. तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू होय. दुसरी लबाडी याहून खोल आहे. एखाद्या लहान, किरकोळ वस्तूवरील खरा ठसा कापून तो मोठ्या भांड्याच्या बुडास डाक देऊन जोडतात. अशा जागेवर तोंडाची वाफ सोडली, तर सांध्याची रेघ क्षणभर स्पष्ट दिसते. झाकण व भांडे यांवरील खुणा एकमेकींशी जुळतात की नाही, हेही पाहावे लागते.

हिंदुस्थानात घडलेल्या भांड्यांची कथा मात्र वेगळी आहे. इंग्रजी अमदानीत लंडनसारखी भांड्यांवर सक्तीने ठसा मारणारी कचेरी येथे नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीसारख्या युरोपीय पेढ्यांनी आपापले ठसे आपणच ठरविले. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीच्या मालावर तिचे नाव आढळते. देवदेवतांच्या उठावदार मूर्तींनी नटलेली दक्षिणी भांडी ‘स्वामी’ पद्धतीची म्हणून प्रसिद्ध झाली. कच्छमधील भूज येथे ओमरसी मावजी हा मोठा कसबी कारागीर होऊन गेला. कच्छच्या राजदरबारासाठी त्याने काम केले. नाजूक वेलबुट्टीत गुंतलेली जनावरे व पक्षी हे त्याच्या कामाचे वैशिष्ट्य. भांड्याच्या बुडाशी तो ‘ओ. एम.’ ही रोमन अक्षरे व कधी भूज हे गावाचे नाव उमटवी. आज जगातील संग्रहालयांत त्याच्या वस्तू त्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्याचे कारण ही दोन अक्षरे होत. पुण्यातील काही कारागिरांनीही आपले नाव व गाव रोमन लिपीत कोरून ठेवले आहे.

परंतु हे अपवाद. बहुसंख्य भारतीय कारागिरांनी आपल्या कामावर कोणतीच खूण केली नाही. महाराष्ट्रातील घरांमध्ये ताट-वाटीवर टिंबाटिंबांनी घातलेले नाव असते. पण ते घडविणाऱ्याचे नसते. ते मालकाचे, किंवा लग्नात व मुंजीत ते भांडे ज्याने आहेर म्हणून दिले त्याचे असते. ठोक्याने उमटविलेला ठसा आणि मागाहून घातलेले नाव यांतील भेद ओळखणे, ही पारख्याची पहिली पायरी होय. ठशाची अक्षरे एका साच्यातील, कडा रेखीव आणि भोवती बहुधा चौकट असते. घातलेल्या नावाची अक्षरे हाताच्या वळणाची असतात. तथापि मालकाचे नावही टाकाऊ नव्हे. त्याखाली शके किंवा सन लिहिलेला असेल, तर भांडे त्या सालाच्या सुमारास त्या घरात होते, हे निश्चित होते.

इंग्लंडमधील कारागिराचा एखादा चमचा आटला, तरी त्याचे नाव नोंदवहीत शिल्लक राहते. आपल्याकडे अशी नोंदवही बहुधा नाहीच. येथे एखाद्या गावच्या सोनाराने हौसेने आपल्या भांड्यावर खूण केली असेल, तर ते भांडे हीच नोंदवही. ते मुशीत गेले, की नोंदवहीच जळाली. म्हणून भारतीय चांदीवरील ठसा वाचून ठेवणे अधिक निकडीचे आहे.

याचा अर्थ सर्वच जुनी चांदी जपून ठेवावी, असा नाही. अडीअडचणीला चांदी मोडणे, हा कुटुंबाचा आधार आहे आणि गलाईचा व्यवसायही त्यावरच उभा आहे. मोडलेल्या चांदीतूनच नवी चांदी घडते. परंतु मोडण्यापूर्वी भांडे पालथे करून पाहण्यास कितीसा वेळ लागतो? मऊ कापडाने बूड पुसावे. चिंच, राख किंवा वाळू यांनी घासू नये. कारण ठशाच्या कडा दर घासण्याबरोबर झिजतात. प्रकाश तिरपा पाडून भिंगातून पाहावे. वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलके फिरविली, तर खोल ठशाची आकृती कागदावर उमटते. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही खुणेचे स्पष्ट छायाचित्र घेता येते. सोबत भांड्याचे वजन, माप व ते कोणत्या गावाहून आले, एवढे लिहिले की पुरे. भांडे विलक्षण वाटले, तर एखाद्या संग्रहालयातील जाणकारास विचारता येते. नामांकित कारागिराच्या भांड्याचे मोल त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकते. तेव्हा ही दक्षता विकणाऱ्याच्याही हिताची आहे.

स्वतंत्र भारताने धातूवरील खुणेची ही जुनी रीत नव्याने स्वीकारली आहे. भारतीय मानक ब्यूरो या संस्थेने २००० साली सोन्यासाठी व २००५ साली चांदीसाठी हॉलमार्कची योजना सुरू केली. कसाला उतरलेल्या मालावर ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह व शुद्धतेचा आकडा उमटविण्यात येतो. २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक येऊ लागला, आणि सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही तशी ऐच्छिक सोय झाली. प्राचीन सराफाची नाण्यावरील खूण आणि आजचा हा क्रमांक यांचे काम एकच आहे. ‘या वस्तूविषयी मी जबाबदार आहे,’ असे एका माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसास सांगणे, हेच ते काम.

कडेगाव-खानापूरच्या माणसांनी दुष्काळावर मात करण्यासाठी विस्तवाशी मैत्री केली. टंच काढताना त्यांच्या शब्दावर परमुलखातील सराफ विश्वास ठेवतो, ही त्यांची खरी कमाई होय. जुन्या भांड्यास अखेरचा हात लागतो तो बहुधा गलाईवाल्याचाच. ज्या कारागिराने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कामाची जबाबदारी एका ठशाने पत्करली, त्याची ओळख टिकावयाची की विरावयाची, हे त्या क्षणी त्याच्या हाती असते. मूस तापेपर्यंतचा थोडा अवकाश त्याने ठसा वाचण्यास दिला, तर धातूबरोबर नावही शुद्ध होऊन उरेल.